प्रतिस्पर्ध्यासोबत सामायिक चाचणी केंद्र काढावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमची कंपनी औद्योगिक व्हॉल्व्ह बनवते. मोठे ग्राहक आता प्रत्येक नव्या मॉडेलसाठी टिकाऊपणाच्या चाचणीचा अहवाल मागतात आणि त्यासाठी लागणारे टेस्ट बेंच, म्हणजे चाचणीची यंत्रं, एकट्याने उभारणं तुम्हाला झेपत नाही. अशात, ज्या कंपनीशी तुम्ही वर्षानुवर्षं प्रत्येक टेंडरमध्ये झुंजता आहात, तिच्याच प्रमुखांनी सुचवलं की दोघं मिळून एक चाचणी केंद्र काढू. तुमचे भागीदार म्हणतात, आपल्या हाताने घराच्या किल्ल्या त्यांना द्यायच्या का? आणि तुम्ही विचारलंय, प्रतिस्पर्ध्यावर इतका विश्वास ठेवावा का?

स्पर्धक कंपन्यांचे असे सामायिक प्रकल्प उभे करणं आणि ते चालू झाल्यावरच्या कुरबुरी मिटवणं हेच माझं काम आहे. त्यावरून पहिली गोष्ट सांगते: विश्वासाचा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. ज्या प्रकल्पांत सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल दाट संशय होता, ते पुष्कळदा उत्तम चाललेले मी पाहिलेत, कारण संशयामुळे सगळं नीट लिहून घेतलं गेलं. विश्वास नंतर आला, आणि आला तो हिशेब वेळेवर चुकते झाले म्हणून, कबूल केलेला माणूस कबूल केलेल्या दिवशी आला म्हणून. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. ग्राहक तुम्हाला सोडून त्यांच्याकडे जातो, किंवा त्यांना सोडून तुमच्याकडे येतो, तो नेमका कशासाठी? आणि ज्या गोष्टीसाठी तो कधीच जागा बदलत नाही, तिच्यावर तुम्ही दोघं वेगवेगळा पैसा का घालवताय?

माझ्या मते सगळा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. तुमच्या व्हॉल्व्हची रचना, सीटचं मटेरियल, माल वेळेत पोचवण्याची हातोटी, बिघाड झाला की तुमचा माणूस किती लवकर हजर होतो, या स्पर्धेच्या गोष्टी. पण व्हॉल्व्ह हजारो वेळा उघडून मिटवायचा आणि ठरावीक टप्प्यांवर गळती मोजायची, हे यंत्र कुणाच्या आवारात उभं आहे याने ग्राहकाला काहीही फरक पडत नाही. त्याला अहवाल खात्रीचा हवा. म्हणजे वरवर पाहता तुमचा प्रकल्प योग्य जागी आहे. वरवर म्हणते, कारण पुढे एक खोच आहे, तिच्याकडे येतेच.

योग्य जागेचं महत्त्व किती, हे सेमाटेकच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं. १९८७ साली अमेरिकेतल्या १४ सेमीकंडक्टर, म्हणजे चिप बनवणाऱ्या, कंपन्यांनी एकत्र येऊन ही संस्था काढली. जपानी उत्पादकांनी त्यांना मागे टाकलं होतं, आणि प्रकल्पाचा मोठा भार सरकारनेही उचलला होता. मूळ कल्पना अशी की चिप बनवण्याच्या प्रक्रियेवर सगळ्यांनी मिळून संशोधन करायचं. पण प्रक्रिया हाच तर प्रत्येकाचा जीव की प्राण! आपलं सगळ्यात चांगलं ज्ञान टेबलावर ठेवायला कुणी तयार होईना. संस्थेला सूर सापडला तो रोख बदलल्यावर. चिप बनवणारी यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांना सुधारायचं, त्यांची यंत्रं एकत्र तपासायची, सगळ्यांना लागणारी मानकं ठरवायची, असं काम तिने हाती घेतलं. चांगली यंत्रं सगळ्यांनाच हवी होती, आणि ती मिळाल्याने कुणाचंही वेगळेपण जात नव्हतं. कंपन्या त्याच होत्या, माणसंही बरीचशी तीच होती. वाटून घेण्याची वस्तू बदलली आणि काम पुढे सरकलं.

व्हिसाचंही तसंच. १९७० साली बँक ऑफ अमेरिकाने आपल्या कार्ड योजनेवरचा ताबा सोडला आणि तो सदस्य बँकांच्या सामायिक संस्थेकडे गेला. डी हॉक तिचे प्रमुख झाले आणि १९७६ मध्ये तिला व्हिसा हे नाव मिळालं. कार्ड कुणाचं घ्यायचं, व्याज किती, सवलती कोणत्या, यावर बँका एकमेकींशी कडाडून भांडत राहिल्या. पण कार्ड कुठल्याही दुकानात चाललं पाहिजे आणि मागचा हिशेब बिनबोभाट जुळला पाहिजे, ही व्यवस्था मात्र एकच ठेवली. भांडण आणि सहकार्य एकाच वेळी, वेगवेगळ्या मजल्यांवर चालू शकतं.

आता कायद्याचा भाग, कारण इथे चांगली माणसंही अडकतात. स्पर्धक एकत्र बसले की कायदा सावध होतो, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेत १८९० पासून शर्मन कायदा आहे, भारतात २००२ चा स्पर्धा कायदा आहे, युरोपीय संघाचे नियम तर फारच कडक. दर ठरवणं, ग्राहक किंवा प्रदेश वाटून घेणं, टेंडरमध्ये संगनमत करणं हे कुठेच चालत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असते ती २०२१ ची युरोपातली केस. बीएमडब्ल्यू, डायम्लर आणि फोक्सवॅगन समूहातल्या कंपन्या डिझेल गाड्यांच्या धुराचं शुद्धीकरण कसं करायचं यावर तांत्रिक बैठका घेत होत्या. विषय तांत्रिक, बसणारे इंजिनिअर. तंत्रज्ञांनी एकत्र काम करण्याला युरोपीय आयोगाची हरकत नव्हतीच. पण त्या बैठकांत असं ठरत गेलं की कायद्याने सांगितलंय त्यापेक्षा जास्त स्वच्छ गाडी बनवण्याची चुरस कुणी करायची नाही, तशी क्षमता हाताशी असूनही. आयोगाने ८७.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. माहिती स्वतःहून दिल्यामुळे डायम्लरला दंडातून सूट मिळाली. दरांबद्दल अवाक्षरही न काढता सहकार्याचं संगनमत कसं होतं, हे त्यातून दिसतं.

म्हणून मी प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेला एकच कसोटी लावते. आपण इथे काय बोललो हे उद्या आपल्या ग्राहकाला शब्दशः कळलं, तर त्याला बरं वाटेल की फसवल्यासारखं वाटेल? दोघांनी मिळून चांगलं चाचणी केंद्र काढलं, अहवाल लवकर मिळणार, हे ऐकून तो खूश होईल. दोघांनी मिळून ठरवलं की अमुक इतक्या आवर्तनांपलीकडे चाचणी कुणीच द्यायची नाही, हे कळलं तर तो संतापेल. तुमचं केंद्र पहिल्या प्रकारचं आहे. पण वर्षभरात कुणीतरी सहज दुसऱ्या प्रकारचं वाक्य बोलणार, याची खूणगाठ बांधून ठेवा. ते वाक्य साधारण असं असतं: ‘त्या ग्राहकाला एवढं कशाला द्यायचं? दोघंही नाही म्हणू की!’ किंवा ‘या वेळचं टेंडर तुम्ही घ्या, पुढचं आम्ही बघू.’ असं वाक्य आलं की तिथल्या तिथे हरकत घ्यायची, हरकत इतिवृत्तात नोंदवायची, आणि विषय थांबला नाही तर उठून बाहेर पडायचं. अवघडल्यासारखं होतं, हे मला माहीत आहे. तरी उठायचं. आणि सेल्सची माणसं या बैठकांना मुळीच न्यायची नाहीत, दोन्हीकडची. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या डोक्यात दिवसभर दरच असतात, आणि डोक्यातलं कधीतरी तोंडात येतंच.

बाजारात तुम्ही दोघंच मोठे असाल तर हे सगळं आणखी काटेकोरपणे पाहावं लागेल. आठ-दहा कंपन्यांच्या बाजारात दोन मध्यम कंपन्या एकत्र येणं वेगळं, आणि बहुतेक बाजार ज्यांच्या हातात आहे त्या दोघी एकत्र येणं वेगळं. तिसऱ्या कंपनीने चाचणीसाठी दार ठोठावलं तर तुम्ही काय करणार, हेही आधी ठरवा. केंद्रात तिला योग्य शुल्कात प्रवेश देण्याची तयारी ठेवलीत तर पुष्कळ शंका आपोआप मिटतात, शिवाय यंत्र रिकामं राहत नाही. सह्या होण्यापूर्वी कागद या विषयातल्या वकिलाला दाखवा. नेहमीचा कंपनीचा वकील नव्हे, स्पर्धा कायद्याचं काम करणारा.

आता मघाची खोच. चाचणी केंद्र म्हटलं की सगळ्यांना भीती असते ती ड्रॉइंग आणि चाचणीचे आकडे फुटण्याची. ती भीती रास्त आहे, पण तिचा बंदोबस्त सोपा आहे: दोन स्वतंत्र बे (चाचणीचे वेगळे कप्पे), स्वतंत्र डेटा, नमुन्यांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक. माझ्या एका प्रकल्पात हे सगळं काटेकोर केलं होतं. तरी काही महिन्यांत एक कंपनी चिडली, आणि कारण निघालं बुकिंगचं वेळापत्रक. भिंतीवर फळा होता. त्यावर कोणत्या आठवड्यात कुठला बेंच कुणाकडे, कोणत्या आकाराचं फिक्श्चर (व्हॉल्व्ह बेंचवर पकडून ठेवणारा साचा) लागणार, कोणत्या दाबावर चाचणी, हे दोन्हीकडच्या माणसांना दिसेल असं लिहिलेलं. समोरच्या कंपनीने आजवर कधी न बनवलेल्या आकाराचं फिक्श्चर मागवलं, आणि सलग सहा आठवडे बेंच अडवला, याचा अर्थ शहाण्या माणसाला लगेच कळतो. नवं मॉडेल येतंय, कोणत्या आकाराचं येतंय आणि साधारण कधी येतंय, हे त्या फळ्यावरच लिहिलेलं होतं. एकही ड्रॉइंग फुटलं नव्हतं.

उपाय शेवटी साधाच निघाला. केंद्राचा व्यवस्थापक दोन्ही कंपन्यांपैकी कुणाचाही नसलेला नेमला. बुकिंग फक्त त्याच्याकडे. प्रत्येक कंपनीला स्वतःच्या तारखा दिसतात, बाकी फक्त ‘उपलब्ध नाही’. सगळ्या आकारांची फिक्श्चर केंद्रानेच सुरुवातीला करून ठेवली, म्हणजे मागणीवरून अंदाज बांधायला वाव नाही. कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्रांची मोजमापं अचूक आहेत ना हे तपासण्याचे, दिवस दोघांना एकत्र कळवायचे. हे इतकं तपशिलात सांगते आहे, कारण तुमचा गोपनीयतेचा करार कितीही जाडजूड असला तरी त्यात फळ्याचा उल्लेख नसणार. सामायिक कामात गुपित बहुतेक वेळा अशा रोजच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या जागेतून निसटतं. डिझेलचं बिल, सुरक्षारक्षकाची नोंदवही, कुरिअरच्या पावत्या, सगळं एकदा या नजरेने तपासा.

यापेक्षाही मोठी गोष्ट शिकण्याची आहे, आणि ती पूर्णपणे नेतृत्वाच्या हातात असते. जनरल मोटर्स (जीएम) आणि टोयोटा यांनी १९८४ साली कॅलिफोर्नियात फ्रेमाँट इथे ‘नुमी’ हा संयुक्त कारखाना सुरू केला. जागा जीएमच्या बंद पडलेल्या कारखान्याची, कामगार बहुतांश तेच, संघटनाही तीच. जुन्या कारखान्याचा लौकिक भांडणांचा आणि गैरहजेरीचा होता. पद्धत टोयोटाची आली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा नावाजला जाऊ लागला. परवानगी देताना फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, कोणत्या माहितीची देवाणघेवाण करायची नाही याची बंधनंही घातली होती. दोन्ही कंपन्या शिकायलाच आल्या होत्या. टोयोटाला अमेरिकी कामगार, संघटना आणि पुरवठादार यांच्यासोबत काम कसं करायचं हे समजून घ्यायचं होतं. तिने ते समजून घेतलं आणि १९८८ मध्ये केंटकीत स्वतःचा कारखाना चालू केला. जीएमला लहान गाड्या कमी खर्चात, चांगल्या दर्जाच्या कशा बनवायच्या हे हवं होतं. तिचे व्यवस्थापक नुमीत खरोखर शिकले. पण ते परतले की वेगवेगळ्या कारखान्यांत विखुरले जायचे, आणि तिथे त्यांचं ऐकून घेण्याची तयारी नसायची. त्यामुळे ते ज्ञान कंपनीभर पसरायला फार वर्षं लागली. २००९ मध्ये जीएम नुमीतून बाहेर पडली आणि २०१० मध्ये तो कारखाना बंद झाला.

दार दोघांनाही सारखंच उघडं होतं. फरक पडला तो घरी परतलेल्या माणसाचं काय झालं याने. म्हणून तुमच्या भागीदारांच्या ‘ते आपलं शिकून घेतील’ या काळजीला माझं उत्तर असं की, शिकतीलच, आणि तुम्हीही शिका. केंद्रावर तुमचा कोण जाणार? अडगळीत पडलेला, दुसरं काम नसलेला माणूस पाठवणार असाल तर तुमचे भागीदार बरोबर आहेत, हा सौदा तुम्हाला महाग पडेल. तुमच्या डिझाइन विभागातला चौकस माणूस पाठवा. चाचणीत काय फसलं, का फसलं, हे त्याने दर आठवड्याला डिझाइनच्या लोकांसमोर बसून सांगायचं, आणि त्या बैठकीला तुम्ही स्वतः हजर राहायचं. प्रमुख हजर नसेल तर ती बैठक महिन्याभरात बंद पडते.

प्रमुखाच्या स्वभावाचाही इथे कस लागतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास संगणक प्रोग्रामांची एक स्पर्धा घेतली होती. प्रत्येक फेरीत समोरच्याशी सहकार्य करायचं की दगा द्यायचा, हे प्रोग्रामने ठरवायचं, आणि अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा खेळायच्या. जिंकला तो सगळ्यांत छोट्या प्रोग्रामांपैकी एक, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला. पहिल्यांदा सहकार्य करायचं, मग समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच आपण करायचं, एवढाच त्याचा नियम. हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते: या प्रोग्रामने समोरासमोरच्या एकाही सामन्यात प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवले नाहीत. त्या नियमाने ते शक्यच नाही. फार तर बरोबरी होते. तरी सगळ्या सामन्यांची बेरीज केल्यावर तो पहिला आला.

ज्या प्रमुखाला प्रत्येक बैठकीतून समोरच्यापेक्षा थोडं जास्त घेऊनच उठायचं असतं, त्याने सामायिक प्रकल्पात पडू नये. तो वाईट व्यावसायिक असतो असं नाही. टेंडरच्या मैदानात हाच स्वभाव कामाला येतो. पण इथे समोरचा आपल्याबरोबर वाढला तरी चालेल, ही मनाची तयारी लागते. त्याचबरोबर दगा झाला तर लगेच आणि प्रमाणात उत्तर द्यायचं. त्यांनी हिशेबाला उशीर केला तर पुढचा हप्ता तुम्हीही रोखा, कारण कळवा, आणि त्यांनी चूक दुरुस्त केली की विषय संपवा. जुनी उणीदुणी काढत बसलात तर केंद्र चालणार नाही. याच प्रयोगांतून निघणारी दुसरी गोष्ट म्हणजे, शेवटची फेरी कोणती हे माहीत झालं की सहकार्य टिकवणं अवघड होतं. त्यामुळे करार ‘पाच वर्षांनी संपेल’ असा लिहू नका. ठरावीक मुदतीची पूर्वसूचना देऊन कुणालाही बाहेर पडता येईल, असा लिहा.

बाहेर पडण्याचं कलम पहिल्याच दिवशी, दोघांचं बरं चाललेलं असताना लिहायचं. बेंचची किंमत कोण ठरवणार, राहणाऱ्याने कोणत्या दराने विकत घ्यायचं, अर्ध्यावर असलेल्या चाचण्या पूर्ण होणार का, जुने अहवाल ग्राहकाकडे वैध राहतील याची जबाबदारी कुणाची, केंद्रातली माणसं कुठे जाणार. समोरची कंपनी तुमच्या तिसऱ्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली तर काय, हेही लिहा. असं घडतं, आणि त्या दिवशी तुमच्या केंद्राच्या टेबलावर अचानक वेगळीच माणसं बसलेली असतात.

नकार कधी द्यावा, हेही स्पष्ट सांगते. त्यांना हे केंद्र हवं आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त तुम्हाला हवं असेल, ते उद्या एकट्यानेही उभारू शकत असतील आणि तुम्ही नाही, तर तुम्ही भागीदार नसून आश्रित व्हाल. मग बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेशी दीर्घ मुदतीचा करार करा. खर्च जास्त आला तरी झोप नीट लागेल. पहिल्याच भेटीत ते ग्राहकांच्या नावांवर घसरले तरीही नको. आणि टिकाऊपणाच्या चाचणीची तुमची स्वतःची पद्धत हीच जर ग्राहक तुमच्याकडे येण्याचं कारण असेल, तर मघाशी म्हटलेलं सगळं उलटं होतं. मग तुमच्यासाठी ते केंद्र म्हणजेच प्रक्रिया, आणि ती वाटायची नाही. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण हे तुम्हालाच ठाऊक.

तुमच्या सेल्सच्या लोकांना हे कसं सांगायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ज्यांना हरवा म्हणून इतकी वर्षं सांगितलं त्यांच्याशीच हातमिळवणी झाल्याची बातमी त्यांनी बाहेरून ऐकता कामा नये. सही होण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, आणि कुठे सहकार्य नाही ते आधी सांगा: टेंडर वेगळी, दर वेगळे, ग्राहक वेगळे, तिथली लढाई होती तशीच. मग केंद्राचं सांगा. त्यांना हायसं वाटेल, कारण अहवाल नाही म्हणून हातची गेलेली कामं सगळ्यांत जास्त त्यांनाच लागलेली असतात.

आणि तुमचे जे भागीदार किल्ल्यांचं बोलले, त्यांना या कामातून बाजूला ठेवू नका. उलट समोरच्यांसोबत काय वाटून घ्यायचं नाही याची यादी त्यांनाच करायला सांगा, आणि पहिल्या बैठकीला तुमच्या शेजारी तेच बसू देत. अशी यादी उत्साही माणसाच्या हातून अर्धवट राहते. काळजी करणारा माणूस फळ्यापर्यंत पोचतो.